आईच्या शेजारची जागा

४ मार्च १९७३, रविवार

"पुस्तक शेवटाकडून वाचणाऱ्या माणसाचा देवावर भरवसा नसतो." — बाबांचं वाक्य. मी तेव्हा शाळेत होते. चर्चच्या मागच्या पायरीवर बसून एका रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचत होते. धाकटी तारा माझ्या मांडीला टेकलेली. बाबा मिशनचे उपदेशक. सायकलने खेड्यांवर जायचे, आणि ते परतले की घरात कुणी मोठ्याने हसायचं नाही. पुस्तक फाडलं नाही, मारलं नाही. एवढंच बोलले.

सवय काही गेली नाही. मिशनच्या शाळेत ग्रंथपाल झाले, मुलींना थोरांची चरित्रं देते आणि स्वतः खून वाचते — तपकिरी कागदाचं वेष्टन घालून. आधी शेवट. खुनी कोण हे एकदा कळलं की जीव शांत होतो. मग बाकीचं नीट वाचता येतं.

आज आठवलं, कारण डॉक्टरांनी ताराचा शेवट सांगितला. पोटातली गाठ पसरली आहे. फार तर महिना.

जीव शांत झाला नाही.

७ मार्च, बुधवार

शाळा सुटल्यावर थेट दवाखान्यात. तिचा नवरा रविंद्र रेल्वेच्या ऑफिसातून डबा घेऊन आला होता. मला पाहून उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून उभा राहतो. आमच्या घरात त्याला कधी कुणी 'बसा' म्हटलं नाही, म्हणून असेल.

तारा म्हणाली, "नवीन काय आणलंस?" पिशवीतली रहस्यकथा काढली. "खुनी कोण ते बोलायचं नाही हं ताई. तुझं तोंड पाहून मला कळतं, तेव्हा तोंड तिकडे कर."

खिडकीकडे तोंड करून वाचलं.

घरी बाबा. डोळ्यांत मोतीबिंदू; ऑपरेशन करू देत नाहीत, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. पण नाक शाबूत आहे. "फिनाईलचा वास येतोय. कुठे होतीस?" म्हटलं, ग्रंथालयात वाळवी लागली आहे, रोज फरशी धुतो. "हं," म्हणाले.

खरं कसं सांगू? या घरात ताराचं नाव घेत नाहीत. तिने इंदोऱ्याच्या वस्तीतल्या बौद्ध मुलाशी लग्न केलं तेव्हा चर्चच्या मंडळीने तिला प्रभुभोजनातून, म्हणजे सभासदत्वातूनच, बाहेर काढलं. कमिटीत पहिला हात बाबांचा वर गेला होता.

१२ मार्च, सोमवार

सकाळभर खळ शिजवून फाटकी पुस्तकं चिकटवली. खळीत मोरचूद घालते, म्हणून माझ्या कपाटांना खरोखरची वाळवी कधी लागली नाही. मुख्याध्यापिका प्रेमिलाबाई डोकावल्या. "चारुशीलाबाई, कादंबऱ्या कमी करा. मुली बिघडतात." जाताना तपकिरी वेष्टनातलं एक घेऊन गेल्या. जावेसाठी, म्हणे. त्यांच्या जाऊबाई वारल्या त्याला तीन वर्षं झाली.

हे ताराला सांगितलं. हसली, मग पोट धरलं. कळ ओसरल्यावर म्हणाली, "ताई, मला आईजवळ ठेव."

मला आधी कळलंच नाही.

"जाळू नका. आईजवळ ठेवा. यांना सांगून ठेवलंय मी."

रविंद्र खाली बघत म्हणाला, "तिची इच्छा आहे. माझी हरकत नाही." त्याची आई तुळसाबाई कोपऱ्यात पंखा घेऊन बसली होती. गेले कित्येक दिवस सुनेचं सगळं तीच करते. ती म्हणाली, "जितेपणी जिले उंबरा नाही देल्ला, तिच्यासाठी मेल्यावर जमीन मागाची? काहून वं बाई? आमच्यात काय कमी आहे तुले?"

तारा म्हणाली, "कमी काही नाही आई. तुम्ही दोघं आहातच. पण माझी आई तिकडे कबरस्तानात एकटी आहे."

तुळसाबाईने पंखा थांबवला. मग पुन्हा हलवायला लागली.

१३ मार्च

आज दिवसभर चुकीच्या मुलीला चुकीचं पुस्तक दिलं.

१५ मार्च, गुरुवार

आमच्यात नवरा-बायकोची जागा जोडीने धरतात. कबरस्तानात विटांची एकच चौकट आहे — अर्ध्यात आई, अर्ध्यात गवत. ते गवत बाबांचं. ईस्टरआधी चुना लावायला जातो तेव्हा बाबा तिथे बसतात, आपल्याच जागेवर, आणि आम्हाला ब्रश कसा धरायचा ते सांगतात. लहानपणी तारा एकदा त्या गवतात आडवी झाली आणि ओरडली, "बाबा, मी इथे मावते!"

तेव्हा बाबा हसले होते. मी पाहिलं आहे.

१८ मार्च, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. त्यांनी टोपी काढली, घातली. "नवी जागा मागाल तर कमिटी नाही म्हणेल. ती सभासद नाही. तिने मंडळीसमोर उभं राहून चूक झाली असं म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी."

उभी कशी राहील, म्हटलं. आणि राहू शकली असती तरी म्हणाली नसती.

"मग एकच. उपदेशकसाहेबांनी आपली जागा तिला द्यावी. त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं तर त्यांना नाही म्हणणारा आमच्यात कुणी नाही." मग हळूच, "पण तुम्ही विचाराल त्यांना?"

कबरस्तानाचा चौकीदार रुपराव बाजूला उभा होता. तो म्हणाला, "बुढ्याले विचारन्यापेक्षा दगडाले विचारा, बाई." पाळकसाहेबांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. पण चुकीचं आहे असं म्हणाले नाहीत.

२४ मार्च, शनिवार

संध्याकाळी शास्त्रपाठाला मुद्दाम बायबलातला तो अध्याय काढला — एक म्हातारा परक्या लोकांपुढे वाकून, बायकोला पुरायला जागा मागतो. म्हटलं, यावरून विषय निघेल. दोन ओळी झाल्या आणि बाबा म्हणाले, "हा परवाच झाला. पुढचा काढ."

झाला नव्हता.

पुढचा काढला. भीती नकाराची नाही. नकार ऐकल्यावर उद्या सकाळी याच माणसाच्या पुढ्यात चहा ठेवायचा आहे, परवाही ठेवायचा आहे. माझं दुसरं घर नाही.

२९ मार्च, गुरुवार

पुस्तक अर्ध्यावर आलं होतं. तारा डोळे मिटून होती. म्हणाली, "ताई, शेवट वाच."

आयुष्यात पहिल्यांदा मला शेवट वाचवेना. पानं उलटताना खूप वेळ लावला. ती म्हणाली, "वाच गं. तुला तर सवय आहे."

वाचला. खुनी भाऊ निघाला. "अय्या. मला माळी वाटला होता," ती म्हणाली. मग, "बाबांना विचारलंस?"

विचारते.

"नाहीच म्हणतील. पण विचार. न विचारता जाळलंस तर तुझ्या कपाटात येऊन बसेन. मोरचुदाने जायची नाही मी."

तुळसाबाई तिचे पाय चोळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचारा नं बाई. जीभ काय झिजते?"

२ एप्रिल

आजही विचारलं नाही. तारा आता ओळखत नाही.

५ एप्रिल, गुरुवार

पहाटे गेली. दवाखान्यातून तिला इंदोऱ्याच्या घरी आणलं. दुपारपर्यंत तिथेच बसले. रविंद्र म्हणाला, "संध्याकाळपर्यंत थांबवतो सगळ्यांना. त्यापुढे मला थांबवता यायचं नाही."

घरी आले. बाबा खाटेवर बसून होते. मी दारातच उभी.

"आज फिनाईल नाही," बाबा म्हणाले. "उदबत्ती आहे." मग भिंतीकडे तोंड करून, "कधी गेली?"

पहाटे, म्हटलं.

जागेचं विचारलं तर काय बोलतील ते मला ठाऊक आहे. पहिला हात त्यांचाच होता. तरी खाली बसले, त्यांच्या पायांपाशी, आणि म्हटलं, "बाबा, तुमची जागा ताराला द्या. ती मावते तिथे."