अप्पा धोतर का धुवायचे

अप्पा,

उभ्या जन्मात तुम्ही स्वतःचं धोतर धुतलं नव्हतं. त्या वर्षी दिवाळी उलटली आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीत धोतर खळबळायला लागलात. उदगीरच्या आपल्या घरानं याचा एकच अर्थ काढला: लिंगपूजेला आता स्वतःच्या हातचं धुवट पाहिजे. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "आमचे मालक लई भक्तीला लागले बघा. माझ्या हातचं धुणंबी चालंना."

एकदा मी मागं येऊन उभा राहिलो. मोरीत चाललेलं पाणी विटकरी होतं. मी पाण्याच्या मोटारी बांधणारा माणूस. कुणी शिकवलं नाही, जळक्या मोटारी उघडून तारेचा एकेक वेढा मोजत शिकलो. तार किती जळली ते रंगावरून ओळखतो, रंगात मी चुकत नाही. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "मूळव्याध हाय. ठेचा बंद करतो. कुणाला बोलू नको." मी "हाव" म्हणालो. वर शहाणपणा म्हणून पुस्तकात बघून इसबगोल आणून दिलं. मोटारीचा आवाज बदलला तरी धूर निघेपर्यंत चालवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तेव्हाही झापायचो, आजही झापतो.

पाच महिन्यांनी लातूरला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा तो यकृतापर्यंत गेला होता. "रक्त कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी म्हणालो, "आत्ताच दिसलं." पुढं तुम्ही गेलात, आणि मूळव्याधीवरून वाढलं, असं पाहुण्यारावळ्यांत मीच सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात मी स्वतःच्या आतड्याची तपासणी करून घेतली. त्रास काहीच नव्हता. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "वडिलांना होता ना? मग त्रास व्हायची वाट बघायची नसते. उशीरच केलात." आदल्या दिवशी औषध पिऊन पोट साफ करायचं, मग गुंगी देऊन दुर्बीण घालतात. आतड्याच्या अस्तरावर दोन कोंब सापडले, त्याला पॉलिप म्हणतात. एक सात मिलिमीटरचा, एक चारचा. तिथल्या तिथं काढले. साधे होते, पण ठेवले असते तर पुढं बिघडू शकले असते.

नांदेडला धाकट्याला फोन केला, तूबी तपासून घे म्हणालो. तो हसला. "दादा, अप्पाला मूळव्याध होती. मला ती बी न्हाई. उगं कशाला तिथं कॅमेरा घालायला लावून राहिलास?" दोन फोन असेच गेले. तिसऱ्यांदा त्याला मोरीतलं पाणी सांगितलं. "मी बघितलं होतं. अप्पा बोलू नको म्हणाले, म्हणून गप्प बसलो."

 तो म्हणाला, "सोमवारी येतो लातूरला. तू आत येऊ नको. तुझं तोंड बघायचं न्हाई मला."

मी दवाखान्याच्या दारात उभा राहिलो. दुपारी त्याची बायको एकटीच बाहेर आली, "काही न्हाई निघालं, भावजी," म्हणाली आणि परत आत गेली. त्याचा फोन अजून नाही.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही, म्हणून लिहितो. तुम्ही बोलू नको म्हणालात हे खरं. पण तुमचं मी कधी एवढं ऐकलं होतं? बापाला तसल्या जागेचं विचारायचं कसं, याची मला लाज वाटली होती, अप्पा. धाकट्याला हे सांगितलेलं नाही.