पळता हात

मॅडम, माझ्या टीमच्या पोरींची पहिली चढाई आजही तुमचीच असते. डाव्या बाजूनं पळत सुटायचं, कबड्डीचं मैदान आडवं कापत उजव्या कोपऱ्यातल्या पोरीला पळता पळता हात लावायचा आणि मध्यरेषा ओलांडून परत. पळता हात म्हणायचात तुम्ही त्याला. पहिली चढाई ती, दुसरी ती, आणि फारच नवल झालं तर तिसरी उजवीकडून तीच. आसपासच्या सगळ्या कॉलेजांना आपला डाव पाठ होता. आम्ही उतरलो की समोरच्या पोरी कोपऱ्याकडं बोट दाखवून खिदळायच्या, आणि मी कॅप्टन, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा मी तोंड वर करून विचारलंच, "मॅडम, सगळ्यांना कळतंय, तर दुसरं काही शिकवा की." तुम्ही आवाज चढवला नाही. "कळू दे ना. कळून काय करील ती? तिचा हात यायच्या आत तुझा पाय रेषेवर पायजे. लई शानी होऊ नको, पळ." तेव्हा तो मला निव्वळ हट्ट वाटला. आता स्वतः शिकवते तेव्हा उमगतं. आम्ही निम्म्या पोरी बिडकीनकडच्या. वर्ग साडेचारला सुटायचे, आणि साडेपाचची बस चुकली तर घरचे कॉलेजच बंद करणार. हातात जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात पाच गोष्टी अर्धवट शिकवण्यापेक्षा तुम्ही एकच धरली आणि ती आमच्या पायांत मुरवली. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. बोलला असतात तरी मी ऐकलं असतं का, कोण जाणे; त्या वयात मला अक्कल कमी आणि तोरा जास्त होता.

मग जालन्याची ती मॅच. तुम्हाला परीक्षेच्या ड्यूटीतून सुटका मिळाली नाही, म्हणून आमच्याबरोबर ऑफिसातले क्लार्क काका पाठवले. त्यांना कबड्डीतलं 'कबड्डी' एवढंच कळायचं. शेवटची चढाई माझी, आपण एका गुणानं मागं. मी डावीकडं उभी आहे, समोरची कोपऱ्यातली हसतेय. आणि मी ठरवते, हिला आज दाखवतेच. पळत नाही. मधेच थांबते आणि तिला पायानं शिवायला जाते. तिनं घोटा धरला, बाकीच्या अंगावर आल्या, आणि संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छावणी भागात तुमच्या घरी आले. तुम्ही चुरमुऱ्यांचा सुशीला परतत होतात. पाठमोऱ्याच विचारलंत, "शेवटच्या चढाईत काय झालं गं?" मी म्हणाले, "तुम्ही सांगितलं तशीच गेले, मॅडम. त्यांना आधीच माहीत होतं." तुम्ही गॅस बंद केला. "व्हय, माहीत असणारच," एवढंच म्हणालात, आणि माझ्या ताटलीत जास्तीचे शेंगदाणे वेचून वाढलेत. प्राचार्यांनी चौकशीला बोलावलं तेव्हा तिथंही मी तेच सांगितलं. बाकीच्या सहाजणी खाली बघत उभ्या होत्या. कॅप्टनला खोटं कोण पाडणार? पुढच्या वर्षी टीम एका तरुण सरांकडं गेली आणि तुम्हाला परीक्षा विभागात बसवलं. रिटायर होईपर्यंत तुम्ही मैदानावर पाऊल ठेवलं नाहीत. व्हरांड्यात कधी दिसलात तर "घोटा कसाय आता?" विचारायचात. मी "बराय" म्हणून सटकायची. मला स्वतःची इतकी लाज वाटायची की तुमच्याकडं बघवत नसे.

तुम्ही गेलात त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या महिन्यात माझी एक पोरगी मॅच हरून आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, तुमचा डाव नव्हता तो. मी माझ्या मनानं गेले. माझ्यामुळं गेली मॅच." सगळ्या टीमसमोर, एका दमात. तिला रागवायला म्हणून उठले आणि तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. माझ्याहून निम्म्या वयाची पोर, आणि जे मला वीस वर्षांत जमलं नाही ते तिनं चपला काढता काढता सांगून टाकलं. त्याच दिवशी घरी येऊन हे लिहायला घेतलं.

रविवारी हे पत्र पर्समध्ये घालून तुमच्या लेकीकडं गेले. म्हटलं, निदान तिच्या हातात द्यावं. तिनं मला लगेच ओळखलं, चहा टाकला. "आईला तुमचं लई कौतुक होतं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी आजारपणात सारखं म्हणायची, पोरींनी माझा शब्द खाली पडू दिला नाय, माझाच डाव चुकला. पोरींचं नुकसान केलं मी."

डाव चुकला नव्हता, मॅडम. एवढं एकच वाक्य तिला सांगायचं होतं. ती म्हणाली, आणखी अर्धा कप घ्या. मी घेतला, चहा छान झालाय म्हणाले, आणि पत्र तसंच पर्समध्ये घेऊन निघून आले.