तोंडानं फुंकलेला दिवा

खंडेनवमी, संध्याकाळ. बीड.

आज मी देवाचा दिवा तोंडानं फुंकला.

आमच्या चिकटवायच्या गमच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळे आपापल्या मशीनची पूजा करतात. मारुतीमामा सगळ्यांत जुने. त्यांनी गोदामात जाऊन अ‍ॅक्रिलेटच्या म्हणजे गमसाठीच्या रसायनाच्या पिंपालाही झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि खाली फरशीवर निरांजन ठेवलं. त्याच पिंपातून थोड्या वेळापूर्वी माल काढलेला. त्याची वाफ ठिणगीनंही पेटते, हवेपेक्षा जड असते, फरशीवरूनच सरकत जाते. सेफ्टी माझ्याकडं, वर्षभर हेच घसा कोरडा करून सांगतो. दिवा दिसला, धावलो, वाकलो आणि फुंकला.

मामा हळूच म्हणाले, "साहेब, इझवायचा तर इझवा. पण तोंडानं काहून फुंकलं तुमी?"

मी वाफेचं सांगायला लागलो. ते ताट घेऊन निघून गेले. जेवायला आज कुणी हाक मारली नाही. प्रसादाचं खोबरं मात्र कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर होतं. कुणी ठेवलं?

आग लागली नाही. म्हणजे मी बरोबर होतो हे कुणाला कळायचंच नाही.

खोलीवर आलो तरी शर्टाला त्या रसायनाचा उग्र वास. शर्ट बाहेर तारेवर टाकला. धारूरला आई आता दिवा लावत असंल. फोन हातात घेतला, ठेवून दिला. तिला काय सांगू? लहानपणी तिनंच शिकवलेलं, दिवा फुंकू नये, फुलानं शांत करावा.

फुलं तर तिथंच होती. पिंपाच्या गळ्यात, माझ्या हाताशी.