दुधारीबेटाच्या पक्क्या उशा

आष्टी,
११ एप्रिल १९७६

प्रिय मेहुणे देवानंदराव यांस, तुमचे थोरले दाजी कडूबा यांचा मनापासून जयभीम.

पुण्याच्या पाण्यानं तुमचं पोट धरतं असं मागच्या कार्डात होतं, ते आता सुटलं असेल असं समजून पुढे लिहितो. (सुटलं नसेल तर ओवा.) इकडे सगळे खुशाल आहेत. मीही खुशाल आहे, असं तुमची बहीण लिहायला सांगते.

पुढे जाण्याआधी ह्या दोन हातांनी केलेल्या काही वस्तूंची आठवण करून देतो, कारण अलीकडे आपल्या घराण्यात आठवण फक्त डिप्लोमावाल्यांची राहते. आष्टीच्या बुद्धविहाराचं दार, सागवानी, दोन फळ्यांचं, पावसाळ्यात न फुगणारं. तुमच्या आईची बाज, एकही खिळा न मारता. तुमच्या लग्नातला पाट, ज्यावर तुम्ही बसलात आणि जो डुगडुगला तो जमिनीमुळे. पिठाच्या गिरणीचं, दाणे ओतायचं चाडं. भिंतीवरच्या घड्याळाची पेटी, नक्षीसकट (घड्याळ अजून घ्यायचं आहे). कचरूच्या लंगड्या शेळीला लाकडी पाय, ज्यावर ती पुढे दोन वर्षं चालली आणि एकदा तर मलाच लाथ मारून गेली. आणि हे सगळं करायला मला कुणी शिकवलं? चौथीनंतर शाळा सुटली. बघून शिकलो, मोडून शिकलो, बोट ठेचून शिकलो. ह्या यादीत आणखी एक वस्तू आहे, आणि तिच्याचसाठी हे पत्र.

तुमच्या आई, आमच्या सासूबाई गिरिजाबाई, बेटावरून हलत नाहीत हे तुम्ही जाणताच. बहात्तरच्या दुष्काळात दुधारीबेटावरची तरणी माणसं खडी फोडायला गेली ती पुण्या-मुंबईतच राहिली (ह्यात टोमणा नाही, तुम्ही तर आधीच गेला होता). मागे उरली म्हातारी. श्रावणात गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, दोन्ही धारा भरल्या की नाव बंद, आणि कुणाला ताप आला तर काढा करायलाही धडधाकट हात नाही. म्हणून गंगाथडी ग्रामसेवा मंडळानं ठरवलं की म्हाताऱ्यांना आष्टीला आणून ठेवायचं. म्हातारे म्हणाले, न्हाई. मेंढरं इथं, माती इथं, आम्ही इथं. मंग मंडळ म्हणालं, तर वृद्धाश्रमच बेटावर बांधू, टेकाडावर, पाणी चढत नाही तिथं. ह्या 'आश्रम' शब्दानं आणखी महिना गेला, कारण बेटावर आश्रमशाळा तेवढी ऐकून माहीत. धनगराच्या आसराबाईनं तर, ह्या वयात मास्तर मारील का, आणि पाटी घरची आणायची का, असं विचारलं.

त्या वेळी कुणी न सांगता आराखडा काढला तो मी. किराणा दुकानातल्या खाकी कागदावर, सुताराच्या पेन्सिलीनं. प्रत्येक गोष्ट विचार करून. पायरी नेहमीपेक्षा चार बोटं बुटकी, कारण म्हातारं गुडघं. उंबरा बिलकुल नाही, कारण म्हातारा पाय उंबऱ्यालाच अडकतो. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर दोर, शौचकूपापर्यंत, रात्री चाचपत जायला. आणि बाजेऐवजी पक्के ओटे, कारण बाज म्हटलं की ढेकूण. त्या ओट्यांना (हे जगात दुसरीकडे कुठं असेल तर मला कळवा) एका टोकाला पक्की उशी. वीट-चुन्याची, गोलाई दिलेली, वर वाकळेची घडी टाकली की झालं. म्हाताऱ्यांची उशी घसरून पडते, ती उचलायला वाकतात आणि मागोमाग स्वतः पडतात. पक्की उशी कुठं जाणार? उंची किती ठेवायची त्यासाठी मान मोजणं भाग होतं. जावयानं सासूची मान मोजणं बरं दिसत नाही, म्हणून तुमच्या बहिणीची, कौसल्येची मोजली आणि वयाचा फरक अंदाजानं धरला.

आराखडा काढताना उगवत कागदाच्या वरच्या बाजूला धरली. माणूस सकाळी उठून तोंड तिकडंच करतो, सूर्य वर येतो तो तिकडूनच. उगवत वर, मावळत खाली. ह्यात लिहून ठेवण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. उशा वरच्या बाजूला, म्हणजे उगवतीला. लहान पोरालाही कळेल.

सासूबाईंकडे सगळे जेवायला जमलो होतो, तेव्हा हा कागद तुमचे दुसरे दाजी अण्णासाहेब यांनी बघायला म्हणून घेतला. तुमच्या धाकट्या बहिणीचं, बेबीनंदाचं लग्न ह्या माणसाशी झालं तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडी "आमचे वरशीर जावई" याशिवाय शब्द नाही. ओव्हरसियरला वरशीर म्हणतात इथवर ठीक, पण त्या 'आमचे' म्हणतात ना, ते मला लागतं. मी काय शेजाऱ्यांचा जावई? ते आले की अंड्याची पोळी; मी गेलो की "कडूबा, तेवढं कवाड कुरकुरतंय, बघा." दोन महिन्यांनी मंडळाच्या सभेत आराखडा आला. निळा कागद, पांढऱ्या रेघा, इंग्रजी अक्षरं, कोपऱ्यात अण्णासाहेबांची सही नागमोडी. आणि त्यात बुटकी पायरी, उंबरा नाही, दोर, ओटे, उशा! सगळं माझं! स्वतःचं असं त्यांनी एकच घातलं होतं, वरच्या बाजूला एक बाण.

मी टोपी घातली आणि सभेतून उठलो. घरी आलो आणि पुढचे आठ महिने बेटावर पाऊल ठेवलं नाही. ह्याला कुणी जळणं म्हणेल. मला काम होतं. तुमची बहीण एकदा म्हणालीच, "घरात बसून जळण्यापरीस बेटावर जाऊन जळा, तिथं पाणी तरी हाय." मी रंधा मारत राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून बातमी मात्र मी विचारत नसतानाही कळायची. पाया भरला, भिंती उठल्या, अण्णासाहेब मोटारसायकल नावेत घालून येतात (पन्नास पावलांच्या बेटावर मोटारसायकल कशाला? पण नाही, दिसली पाहिजे), सासूबाई त्यांना रोज ताक पाठवतात. रोज!

उद्घाटन मागल्या पौर्णिमेला झालं. जायचं नव्हतं, पण नवा सदरा शिवलेला होता. धारेला गुडघाभर पाणी, चालतच पार झालो. इमारत लांबून पाहिली. दार उत्तरेला, आष्टीकडे, नाव लागते तिकडे असायला हवं होतं. ते होतं मावळतीला. वाटलं, अण्णासाहेबांची हुशारी असेल. भाषणं झाली. अण्णासाहेबांना झेंडूचा हार, मला पाण्याच्या माठापाशी जागा. एका वक्त्यानं पक्क्या उशीची एवढी तारीफ केली की मी माठातलं पाणी चार पेले प्यालो. अण्णासाहेब मान खाली घालून हसत होते. ती मान कौसल्येच्या मापाची नव्हती, एवढंच सांगतो.

मंग अध्यक्ष म्हणाले, आजींनी आपापली जागा घ्यावी. आसराबाई पहिल्या ओट्यावर चढल्या, उशीवर डोकं ठेवलं, वा वा म्हणाल्या. खिडकीतून ऊन आलं होतं. त्या ऊन कुठून येतंय ते बघायला लागल्या, पायाकडे बघितलं, आणि साठ वर्षांची बाई पोरीसारखी उडी मारून खाली आली.

"अगं माय माय! डोस्कं उत्तरंला! मढं ठिवत्यात असं!"

सगळ्या ओट्यांच्या सगळ्या उशा उत्तरेला. जागच्या जागी, चुन्यात पक्क्या. परतूरच्या गवंड्यांना ते सामान ठेवायचे ओटे वाटले होते, म्हणून तेही काही बोलले नव्हते. एका क्षणात वृद्धाश्रम रिकामा झाला. अण्णासाहेब उभे राहिले आणि म्हणाले की हा धनगरवाड्याचा अंधविश्वास आहे, आपण दीक्षा घेतलेली माणसं असल्या दिशा मानत नाही, गिरिजाआईंनी पहिलं झोपून दाखवावं. (सासूला चारचौघांत झोपून दाखवा म्हणणारा जावई मी पहिल्यांदाच बघितला.)

सासूबाई काठीवर हनुवटी ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मानत न्हाई जावईबापू, बराबर हाय. पण भगवान बुद्धानं उत्तरंकडं डोकं केलं ते एकदाच, आन् डोळे मिटले ते मिटलेच. माझी ज्वारी काढायची ऱ्हायली हाय. तुम्हाला येवढी काय जल्दी पडली?"

देवानंदराव, खोटं कशाला लिहू, त्या क्षणी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं की कागद माझा होता, त्यात उगवत वर होती, ह्या माणसानं वर बाण मारून तिची उत्तर केली! शाळेत म्हणे नकाशाच्या वर उत्तरच असते. असेल. शाळेतल्या नकाशावर कुणी झोपत नाही. मी उठलोही. तेवढ्यात अण्णासाहेबांचीच नजर माझ्यावर गेली.

"आई, उगाच मला बोल लावू नका," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हा आराखडा माझा न्हाईच. कडूबा साडूंचा आहे. एक रेघ मी बदलली नाही."

आठ महिने मी हेच वाक्य ऐकायला जगत होतो. आणि ते आलं कधी, तर सगळी म्हातारी माणसं माझ्याकडे असं बघत होती जणू मीच त्यांची तिरडी बांधून आणली होती. सासूबाईंनी विचारलं, "कडूबा, खरं हाय का हे?" जिभेवर 'होय' होतं. बाहेर आलं ते असं : "मी? चौथी शिकलेला माणूस, आई. मला कुठं आराखडा येतोय?"

सासूबाईंनी हनुवटी काठीवरून उचलली. मंग म्हणाल्या, "तरीच. तुम्ही पाया खंदताना येकदा जरी आला असता, तर तुमच्या ध्यानात आलं असतं. तुम्हाला कवाडाचं कुरकुरणं चार घरांवरून आयकू येतं." एवढं बोलून त्यांनी काठी ओट्यावर आपटली. "हे नीट कोन करील तर कडूबाच करील. पावसाच्या आत."

मेहुणे, मी त्या घरात एकोणीस वर्षं जावई आहे. 'कडूबाच' हा 'च' मी पहिल्यांदा ऐकला.

तेव्हापासून दिवसभर बेटावरच असतो. उशा फोडतो आणि दुसऱ्या टोकाला बांधतो. दक्षिणेला डोकं झोपायला बरंच, उगवतीपेक्षा कमी नाही. पण उशाशी वस्तू ठेवायचे कोनाडे नेमके त्या बाजूला नाहीत, तेही खोदावे लागतात, आणि विटेची गोलाई पुन्हा हातानं घासावी लागते. फोडताना जीव तुटतो. चुना माझ्याच कागदावर लिहिलेल्या प्रमाणानं मळलेला, टिकाव टाकावा तर टिकावच परत येतो. सासूबाई दुपारी ताक घेऊन येतात आणि बसून बघतात. अण्णासाहेब रविवारी आले होते. त्यांनाही ताक दिलं, पण पातळ होतं. मी वाटीत बघून घेतलं.

लेकरांना आशीर्वाद. वहिनींना सांगा, पाट अजून मजबूत असेल तर तो माझाच आहे. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला दोन ओळी टाका.

तुमचा दाजी,
कडूबा

ता. क. आई तुम्हाला पत्र घालणार आहेत, शाळेच्या मास्तरांकडून लिहून. आराखडा खरोखर कुणाचा, असं विचारतील. तुमच्याच शब्दावर त्यांचा भरोसा आहे. वरची चार पानं मी आराखडा माझाच हे तुम्हाला पटावं म्हणून लिहिली आणि तुम्हाला ते पटलंच असेल. तर आईंना असं कळवा की आराखडा सर्वस्वी अण्णासाहेबांचा. मोठ्या मनानं कळवा, त्यांची सहीच आहे खाली. आणि दुरुस्ती कडूबाची.

ता. क. दुसरा. काल अण्णासाहेब पुन्हा आले होते. पुढच्या सभेत मंडळ त्यांच्याकडे खुलासा मागणार आहे. त्यांनी मला बाजूला घेतलं, माझ्या हातातला टिकाव स्वतः खाली ठेवला, आणि म्हणाले, "साडूभाऊ, सभेत उभं राहून एवढंच म्हणा, आराखडा मी कडूबानं काढला होता. फुकट न्हाई म्हणत मी." जे ओरडून सांगावं म्हणून मी आठ महिने पाण्याबाहेरच्या माशासारखा तडफडलो, ते एक खरं वाक्य बोलायचं होतं. मी नाही म्हणालो. आणि देत होते किती? तीनशे एक्कावन्न रुपये, रोख.