एकेचाळीस नंबरचा लॉट

वेलचेरी, चेन्नई
१९ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,
शिरसाष्टांग नमस्कार.

चार दिवस तुझा फोन उचलला नाही म्हणून तू रागावला असशील. रागाव. फोनवर तू लगेच मोठा भाऊ होतोस आणि मी 'बरं' म्हणून मोकळा होतो, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

इकडे आम्ही ठीक. शर्मिष्ठाचे गुडघे दुखतात, पण बाईचं चालणं काही थांबत नाही. दोन दिवस पाऊस लागून राहिलाय. पाणी चढेल म्हणून बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी गाड्या नेऊन उड्डाणपुलावर लावल्या, मीही लावली. तळमजल्यावरची माणसं सामान घेऊन जिन्यात बसली आहेत, त्यामुळे वरखाली करायचं म्हणजे दहा जणांना उठवावं लागतं. वहिनीचा खोकला थांबला का? तुम्ही पाठवलेली काकवी पोचली. वास फार छान आहे असं शर्मिष्ठा म्हणते.

जॉर्ज टाउनची आपल्या बेदाणा सोसायटीची तपासणीची खोली महिनाभर बंदच आहे. किल्ली माझ्याकडे. परवा सवयीनं बस पकडून तिथपर्यंत गेलो, हातगाड्यांच्या गर्दीत कुलपाकडे बघत उभा राहिलो आणि परत आलो. एकसष्टाव्या वर्षी माणसाला घरी बसायला शिकावं लागतं.

तू पाठवलेला ठरावाचा मसुदा वाचला. तीनदा वाचला. 'लॉट क्र. ४१ मधील माल तपासणीपूर्वीच कर्मचारी श्रीमती विजयालक्ष्मी यांनी परस्पर घरी नेला, सबब त्या मालास सोसायटीचा शिक्का लागू नव्हता.' आणि खाली माझ्या सहीसाठी जागा. भाषा एकदम चोख आहे. 'परस्पर' हा शब्द तुलाच सुचला असणार, संचालक मंडळात बाकी कुणाची ती ऐपत नाही.

सतरा वर्षं ती बाई, आपली विजयाम्मा, माझ्यासमोर बसून बेदाणा निवडते आहे. सतरा वर्षांत तिनं एक दाणा तोंडात टाकला नाही, माझी परवानगी असल्याशिवाय. हे तू बघितलंयस. दरवेळी इथे आलास की तिच्या हातचा रसम भुरकून गेलायस.

आपला नियम काय आहे, तो तुला मी सांगायचा म्हणजे कमालच. पण ठरावात त्यातलं काहीच नाही, म्हणून लिहितो. द्राक्षं वाळताना रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. धुरी जास्त झाली की दाणा दिसतो सोन्यासारखा, पण दम्याच्या माणसाला तो बाधतो. म्हणून प्रत्येक लॉटचे तीन बॉक्स फोडायचे, तोंड आत घालून वास घ्यायचा, पाच दाणे डोळे मिटून खायचे आणि वीसपैकी गुण द्यायचे. गंधक जाणवलं तर लॉट बाजूला काढून लॅबला पाठवायचा. दहातला एक लॉट तसाही लॅबला जातो, बाकीचे नऊ नाकावर. आणि फोडलेला माल परत बॉक्समध्ये घालायचा नाही, तो कामगारांना घरी द्यायचा. हे सगळं तूच लिहिलंस, आपल्या सोसायटीच्या पहिल्या वर्षी. सभेत उठून म्हणालास, यंत्र कुणीही आणील, आपल्याकडे रत्नाकरचं नाक आहे. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. बावीस वर्षं मी त्या एका वाक्यावर मिरवलो.

दादा, मला वास येत नाही.

लिहून टाकलं एकदाचं. आता हात जरा हलका झाला. एकवीस साली करोना झाला तेव्हा गेला, तो आलाच नाही. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांत येईल, वर्षात येईल. कॉफीचा नाही, उदबत्तीचा नाही, शर्मिष्ठानं गॅसवर दूध जाळलं तरी नाही. गोड, खारट, आंबट तेवढं जिभेला कळतं. तिलासुद्धा मी सांगितलं नव्हतं. तिला परवा सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली की मला वाटत होतंच.

सुरुवातीला मी शहाणपणा केला. संशय नको म्हणून जवळजवळ प्रत्येक लॉट लॅबला पाठवायला लागलो. तुला आठवतं का, बावीस सालची वार्षिक सभा? माल सहा-सहा दिवस अडकतो म्हणून लोक कुरकुरत होते, तर तू माईकवर म्हणालास, 'आमच्या रत्नाकरचं नाक म्हातारं झालं वाटतं.' सगळा मांडव हसला. मीही हसलो. त्या दिवसापासून लॅबला पाठवणं बंद केलं. तुझा दोष आहे असं म्हणत नाही. तू थट्टा केलीस, मला ती झोंबली, आणि झोंबली तिथेच खरं सांगायला हवं होतं.

मग कसं चालवलं म्हणशील. विजयाम्माच्या तोंडाकडे बघून. बॉक्स फोडला की मी वाकायचो, लांब श्वास घ्यायचो, सगळं नाटक करायचो, आणि वर बघताना तिच्याकडे बघायचो. गंधक जास्त असलं की ती मनगटाच्या मागच्या बाजूनं नाक चोळते. नसलं की निवडायला लागते. तीन वर्षं एक लॉट चुकला नाही. गेल्या साली नाशिकला सोसायटीतर्फे वाइन चाखणाऱ्यांच्या पॅनलवर बसवलंस, तिथे विजयाम्मा नव्हती, तर शेजारच्या परीक्षकाच्या कागदावर डोळा ठेवून गुण दिले. 'मातीचा गंध, मागे पिकल्या जांभळाची झाक' असलं काहीबाही लिहिलं. तू ते कौतुकानं वाचून दाखवलंस सगळ्यांना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आता तेरा ऑक्टोबर, सोमवार.

विजयाम्मा पाच दिवस तापानं घरी होती. दिवाळी तोंडावर, गाडी बुधवारी भरायची. सकाळी तुझा फोन आला. तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. 'एकेचाळीस माझा स्वतःचा लॉट आहे. मे महिन्यात पाऊस आला, रंग उतरायला लागला, म्हणून दोनदा धुरी दिलीय. जास्त वाटली तर खुशाल बाजूला काढ. भावाचा माल म्हणून सोडू नकोस.' तू तुझं बोललास, दादा. लपवलं नाहीस. समोर नाक आहे या भरवशावर बोललास.

मी तीन बॉक्स फोडले. वास घेतला. म्हणजे वाकलो. पाच दाणे खाल्ले, गोड लागले. समोरची खुर्ची रिकामी. लॅबला पाठवायचा तर गाडी चुकणार, तू विचारणार, नाकाला काय झालं. अर्धा तास मी नुसता बसून होतो. मग वीसपैकी अठरा गुण लिहिले आणि सही केली.

संध्याकाळी फोडलेल्या मालातला किलोभर कागदी पिशवीत घालून मी स्वतः रॉयपुरमला विजयाम्माकडे गेलो. आजारी माणसाला भेटायला जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं. तिची नात होती तिथे, अदिती, आठ वर्षांची. दम्याचा पंप गळ्यात दोरीनं अडकवलेला. ती पोर बाहेरचं काही खात नाही. आजी खाऊच देत नाही, फक्त आपला शिक्का असेल तर देते. तापानं विजयाम्माचं नाक चोंदलेलं होतं. पिशवी उघडून तिनं वास घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा मला विचारलं, 'पाहिलात ना, सार?'

मी म्हणालो, 'पाहिला.'

मंगळवारी सकाळी तिनं मूठभर बेदाणा नातीच्या डब्यात घातला. मधल्या सुट्टीत पोरीला दम लागला. पंप पुरला नाही. दुपारी दोनपर्यंत सगळं आटोपलं होतं. बुधवारी अन्न खात्याची माणसं गोदामात आली. बॉक्स अजून गाडीत भरले नव्हते, एवढीच काय ती देवाची दया. गंधक मर्यादेच्या तिप्पट निघालं.

बाराव्या दिवसानंतर मी तिच्याकडे गेलो. मला आत घेतलं, पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, 'त्या दिवशी मी नव्हते, सार. तुम्ही एकटेच होतात ना?'

मग तिनं सावकाश सांगितलं. माझं नाक गेल्याचं तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. गोदामात उंदीर मरून पडला होता आणि मी त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला, तेव्हाच कळलं. माझी नोकरी जाऊ नये म्हणून ती मुद्दाम नाक चोळायची, मला दिसेल असं. मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं, म्हणून बोलली नाही. चौकशीतसुद्धा बोलली नाही. 'आता मला वाटतं,' ती म्हणाली, 'मीच मारलं तिला. मी मदत केली नसती तर तुम्ही केव्हाच घरी बसला असतात.' ती रडत नव्हती. मी रडलो, आणि तिच्या मुलीनं, अदितीच्या आईनं, आतून येऊन मला जायला सांगितलं.

आणि त्या बाईला आपण चोर ठरवतोय. चोरून आणलेला माल स्वतःच्या नातीला चारला, असं तिच्या नावावर कायमचं लिहून ठेवतोय.

तू हे माझ्यासाठी करतोयस, मला कळतं. अठरा गुणांचा कागद फाडून टाक म्हणालास तेही माझ्यासाठीच. शिक्का गेला तर दीडशे घरांचा माल पडून राहील हेही खरं आहे. गावात तुला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी या सगळ्याचा विचार केला, महिनाभर दुसरं काही केलंच नाही. पण दादा, दीडशे घरांना मी परत काही देऊ शकत नाही, त्या पोरीलाही नाही. विजयाम्माचं नाव तेवढं माझ्या हातात आहे.

परवा सोमवारी मी अन्न खात्यात जाऊन अठरा गुणांचा कागद दिला. सोबत चार पानी जबाब. नाक गेल्याचं लिहिलंय, पिशवी मी नेऊन दिल्याचं लिहिलंय. तुझ्या दोनदा दिलेल्या धुरीचं आणि तुझ्या फोनचंही लिहिलंय. ते गाळता आलं असतं. रविवारी दिवसभर मी ते गाळूनच लिहून बघत होतो. पण मग जबाब पुन्हा ठरावासारखाच व्हायला लागला. तुला वाचवून तिला वाचवता येईना. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं.

पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता मला बोलावलंय. तिलाही बोलावलंय. तू विमानानं येऊ नकोस. आलास तर मला अडवायला येऊ नकोस. खरंच यायचं असेल तर आधी रॉयपुरमला जा, तिच्या दारात उभा राहा आणि 'परस्पर' हा शब्द तिला वाचून दाखव. दाखवता आला तर मग माझ्याकडे ये.

ठरावाचा मसुदा सही न करता सोबत परत पाठवतो आहे.

वहिनीला नमस्कार. दरवेळी इथे तुझे आशीर्वाद मागतो, या खेपेला मागायची हिंमत होत नाही.

तुझ्या भरवशाला न उतरलेला,
रत्नाकर