प्रश्न क्रमांक सतरा

६ नोव्हेंबर

हो म्हणून बसले! कचेरीतला कारकून म्हणाला, "तुमचं अक्षर चांगलं, आणि बासष्टच्या बासष्ट घरं तुम्हाला तोंडपाठ." गावातल्या जीवनमानाची पाहणी आहे. नळ, रस्ता, दवाखाना, शाळा — तीस प्रश्न. डेअरीतून निवृत्त झाल्यापासून हात रिकामेच होते.

लेकाचा फोन. शहरात आपल्याकडे ये म्हणून मागे लागलाय. "आई, तिथे तुला आहे कोण?" मी म्हटलं, अख्खं गाव आहे.

७ नोव्हेंबर

सतरावा प्रश्न — अडीनडीला हक्काने हाक मारावी अशी गावातली तीन माणसं सांगा. पाण्याबद्दल लोक तासभर कुरकुरतात, याचं उत्तर मात्र चटकन. आज बारा घरं केली. दहा जणांनी पहिलं नाव घेतलं ते शिवणताईचं. ही कपडे शिवणारी माझी शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर, आणि चार वर्षं आमचं बोलणं नाही!

गिरणीवाल्याची बायको म्हणाली, "बाळंतपणात पाच दिवस माझ्या उशाशी होती. मी दुसरं नाव कशाला घेऊ?"

माझं नाव कुणी घेतलं नाही.

९ नोव्हेंबर

एकतीस घरं झाली. मी शून्य. मोजत नाही म्हणते आणि मोजते.

सव्वीस वर्षं डेअरीत दूध तपासलं. पाणी असलं की परत, मग सख्खी जाऊ का असेना. माझ्यामागे मला लॅक्टोमीटर म्हणतात, ठाऊक आहे मला. शिवणताईची किटली परत केली ती सगळ्या रांगेसमोर. वर म्हटलं, "पाण्याचा भाव वेगळा असतो." लोक हसले. ती किटली उचलून निघून गेली. पुढे गायच विकली.

पाणी होतंच. पण बाजूला घेऊन सांगता आलं असतं. हे कळायला मला चार वर्षं लागली.

११ नोव्हेंबर

लेकाला हो म्हटलं. एकवीस तारखेला सकाळी गाडी पाठवतोय.

१४ नोव्हेंबर

एकसष्ट घरं, माझी पाटी कोरीच. वाईट वाटलं. खूप वाटलं. खोटं कशाला लिहू?

राहिलं तिचं घर. ती पायरी मी चढणार नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईला फॉर्म दिला, एवढा भरून आण म्हटलं. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, पण घेतला.

१५ नोव्हेंबर

नर्सबाई फॉर्म देऊन गेली.

सतराव्या प्रश्नापुढे एकच नाव. माझं! नवऱ्याच्या नावासकट, पूर्ण. खालच्या दोन ओळींवर रेघा.

मला वाटलं नर्सबाईने गंमत केली. तर म्हणाली, "मीही विचारलं, तुमचं तर बोलणं नाही ना? त्यावर म्हणतात कशा — बोलणं नाही म्हणून काय झालं? हाक मारली तर ती येईल."

आधी रागच आला. एवढा भरवसा होता तर चार वर्षं तोंड शिवून का बसली? मग आठवलं, तोंड मीही उघडलं नव्हतं. मग रडू आलं. चहा उतू गेला.

१७ नोव्हेंबर

फॉर्म कचेरीत दिले. कारकून म्हणाला, "शिवणताईंना निवडणुकीला उभं करायला हवं." मी हसले नाही.

१९ नोव्हेंबर

मागच्या अंगणात दोघी एकाच वेळी कपडे वाळत घालत होतो. मध्ये कमरेएवढी भिंत. माफी मागायची असं सकाळपासून घोकत होते. तिने चादर झटकली, मी टॉवेल झटकला. तेवढ्यात तिची बादली रिकामी झाली आणि ती आत गेली. मी असली भित्री निघेन असं वाटलं नव्हतं.

कपाट आवरलं. दोन बॅगा झाल्या.

२१ नोव्हेंबर

बॅगा गाडीत चढवून झाल्या आणि भिंतीपलीकडून हाक आली. माझ्या नावाने. न्हाणीत घसरली होती, पाय हलवता येईना. ड्रायव्हरला म्हटलं, बॅगा खाली उतरव. मागच्या सीटवर तिला आडवी झोपवली, डोकं माझ्या मांडीवर. दवाखान्यातून लेकाला फोन केला, आज येत नाही. कधी येतेस, विचारत होता. डॉक्टर आले म्हणून फोन ठेवला.