चटईखालचा ड्रायव्हर

वाइसेउ, १२ जुलै २०१४

चि. एनोसास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी मेले नाही, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझ्या कानावर काय काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. ऑकलंडला आपली माणसं इतकी आहेत की इथे मला शिंक आली तर तिथे नाकाला रुमाल लागतो.

झालं ते असं. मागच्या आठवड्यात शुक्रवारी पहाटे पाचपासून मी आणि सूनबाई लोसा चर्चच्या व्हॅनची वाट पाहत रस्त्यावर उभ्या होतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार मला अपियाला डायलिसिसला न्यायचं, हे काम पाद्रीबुवांनी सामासोनीकडे सोपवलेलं. तुला आठवतो ना, चर्चच्या गायनात सगळ्यांच्या वर आवाज चढवणारा? तो आलाच नाही. नऊ वाजता कळलं की तो सगळं गायकमंडळ घेऊन दुसऱ्या गावी स्पर्धेला गेला. म्हातारीचं एक दिवस चालून जाईल, असं म्हणाला म्हणे.

शनिवार-रविवार केंद्र बंद. पायांचे खांब झाले, चेहरा असा सुजला की आरशात मला आपली आईच दिसली. रविवारी आडवं होता येईना, बसून बसून रात्र काढली. सोमवारी लोसाने मासेवाल्याचा ट्रक अडवला आणि मला टोपल्यांमध्ये बसवून नेलं. छातीत पाणी भरलं होतं. कोरड्या जमिनीवर बुडायचं म्हणजे काय ते मला आता माहीत आहे.

पण राग याचा नाही. सामासोनीने गावभर सांगितलं की फुआतिनोने रविवारच्या जेवणाला कोकोचे सहा पेले रिचवले, मग फुगणार नाही तर काय. हे त्याने केंद्रातही कळवलं. तिथल्या पेले नावाच्या नर्सने मला सगळ्यांसमोर लहान पोरीसारखं झापलं.

एनोसा, तीन वर्षं झाली. रोज सकाळी मी एका बाटलीत अर्धा लिटर पाणी भरते, दिवसभरात तेवढंच प्यायचं. सूप घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून ओतून देते, गोळीबरोबरचा घोटही ओतून देते. मला पाण्याची स्वप्नं पडतात. आणि तो मला हावरट म्हणतो! आता चर्चमधून येताना पोरं माझ्याकडे बघून पेले मोजल्याची खूण करतात. मला त्याचं वाटोळं झालेलं बघायचंय. आणखी काही नको.

थंडीत छाती झाकून कामावर जात जा. माया ठेव.

तुझी ताई,
फुआतिनो

*

ओटारा, ऑकलंड, १८ जुलै २०१४

तीर्थरूप ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग गोदामात जाऊन गोठवलेल्या मेंढ्यांना लाथा घातल्या. मुकादमाने विचारलं की काय बिघडलंय. मी सांगितलं की माझ्या बहिणीवर एकाने खोटा आळ घेतलाय. तो टोंगा बेटांवरचा आहे, त्यांच्यातही बहिणीचा मान मोठा, त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही. उलट, किती दिवसांची रजा हवी, असं त्यानेच विचारलं.

मी तिकिटाचं बघतोय. येतो, आणि त्या गाणाऱ्याचा गळा असा बंद करतो की पुढच्या नाताळाला नुसता ओठ हलवत उभा राहील. बहिणीचा अपमान गिळून भावाने बसायचं, हे आपल्यात नाही. बाबा असते तर एव्हाना कोयता परजून बसले असते.

तू कोकोचे सहा पेले! लहानपणी तू माझाही पेला ढापायचीस हे मी कोणाला सांगणार नाही. पण आता तू घोटभर जास्त प्यायलीस असं मला देवदूताने सांगितलं तरी मी त्याला हाकलून देईन.

तहान फार लागली तर बर्फाचा खडा चघळ, आणि तो बाटलीच्या हिशेबात धर. शिकवतोय कोणाला म्हणा!

तुझा संतापलेला,
एनोसा

*

वाइसेउ, २२ जुलै २०१४

चि. एनोसास आशीर्वाद. वि. वि.

तिकीट काढू नकोस. कोयत्याने काय होतं? एकदाच दुखतं.

इकडे वारं फिरलंय. मासेवाल्याने पंचांसमोर सांगितलं की रविवारी मी घराबाहेरच पडले नव्हते, मासळी द्यायला आला तेव्हा त्याने मला खांबाला टेकून धापा टाकताना पाहिलं होतं. पंच भडकले. सामासोनीच्या घराण्याला सांगितलं की फुआतिनोच्या दारात जाऊन इफोगा करून जाहीर माफी मागा, नाहीतर गाव सोडा.

म्हणजे तो माझ्या अंगणात बारीक विणीच्या चटईखाली मान खाली घालून बसणार, आणि मी चटई उचलेपर्यंत त्याला हलता येणार नाही. खाणं नाही, पाणी नाही. बरेच लोक तासाभरात उचलतात. पलीकडच्या गावात तर खुनासाठी दोन तास बसवलं होतं.

मी किती बसवीन असं वाटतं तुला? मी रोज जे भोगते ते त्याच्या जिभेला कळायला हवं. टाळूला चिकटलेली जीभ घेऊन गाऊन दाखव म्हणावं.

लोसा म्हणते की मी दुष्ट झाले आहे. झाले आहेच. प्रकृतीची काळजी घे.

तुझी,
ताई

*

ओटारा, २५ जुलै २०१४

ती. ताईस नमस्कार. वि. वि.

तिकीट रद्द केलं. हे कोयत्यापेक्षा झकास आहे. माझ्याकडून त्याला संध्याकाळपर्यंत बसव. दारात खुर्ची टाकून बस, आणि पंखा घेऊन बस. मधेच तुझं मन विरघळलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

सविस्तर लिही. मुकादमही विचारतोय.

तुझा,
एनोसा

*

वाइसेउ, २९ जुलै २०१४

चि. एनोसास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल आले. पहाटे मी दार उघडलं तर अंगणात नऊ माणसं मांडी घालून बसलेली आणि सगळ्यांच्या पुढे चटईखाली एक ढीग. खरं सांगते, लग्नातही मला इतका आनंद झाला नव्हता. मी खुर्ची आणली आणि समोर बसले. पंखाही होता.

सहा वाजले तेव्हा लोसाने कानाशी येऊन विचारलं की आज सोमवार आहे, अपियाला कसं जायचं. व्हॅन चर्चमागे उभी होती आणि तिचा एकुलता एक ड्रायव्हर चटईखाली होता! पाच पंच, नऊ पाहुणे, एक पाद्री, इतक्या शहाण्यांनी मिळून वार ठरवला आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

त्याच्या काकाच्या मात्र लगेच लक्षात आलं. तो वक्ता माणूस. दोन्ही घराण्यांच्या आठ पिढ्यांची स्तुती करून झाल्यावर हळूच म्हणाला की मी आत्ता चटई उचलली तर सामासोनी लगेच उठेल आणि मला वेळेवर पोचवेल. म्हणजे जाता जाता माफी आटपून घ्यायची! मी म्हटलं की फुटून मरेन, पण उचलणार नाही.

म्हटलं खरं, पण शुक्रवारपासूनचं पाणी अंगात होतं. दहा पावलं चालले तरी धाप लागत होती. एकदा बुडून झालंय, पुन्हा त्याच्यापायी बुडायचं? तेव्हा मी पायऱ्या उतरले आणि चटईच्या कडेखाली हात घातला. त्याला वाटलं सुटका झाली. त्याने मान वर केली. मी त्याच्या गळ्यातली किल्लीची दोरी ओढून काढली आणि चटई होती तशी नीट केली. नऊही जणांचे जबडे पडले. मी सांगितलं की दुपारी येते, तोवर कोणी याला थेंब पाजला तर ही चटई या जन्मी उठायची नाही.

लोसाने आजवर फक्त मळ्यातला टेम्पो चालवला होता, तोही अळकुड्या भरून. तिने डोंगर ओलांडून मला अपियाला नेलं. वाटेत दोन कोंबड्या आणि एक उपपाद्री थोडक्यात वाचले.

काट्यावर मी तीन दिवसांत पाण्याने फक्त दीड किलो वाढले होते. पेलेने मला उतरवून पुन्हा चढवलं. तीन-चार किलो घेऊन येणारे असतात. तिला मागचं बोलणं आठवलं असावं, कारण तिने माझी उशी दोनदा नीट केली. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला दुर्बुद्धी सुचली. मी हट्ट धरला की आज थोडं जास्त पाणी काढ. म्हणजे घरी जाऊन त्याच्या नाकासमोर मोठा ग्लासभर गार पाणी गटागटा पिता येईल. तिने नको नको म्हणत थोडंसंच वाढवलं.

तिसऱ्या तासाला कान वाजू लागले. पोटऱ्यांत असे गोळे आले की मी ओरडले, मग उलटी झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पेलेने पाय वर केले, पाणी काढणं थांबवलं, आणि बरं वाटत नव्हतं तर आधी का सांगितलं नाही म्हणून चिडली. मी सांगितलं की मी त्याच्या तहानेचा विचार करत होते, मजेत होते.

तीनला घरी आलो. ऊन अंगणात मधोमध आलं होतं. म्हातारे सावलीला सरकले होते, तो तिथेच होता. चटईखालचं डोकं डुलत होतं. लोसाने माझ्यासाठी गार पाण्याचा ग्लास भरून आणला. तोंडाशी नेला आणि उमळून आलं. एक घोट उतरेना. त्याच्यासमोर पिण्यासाठी मी जीव धोक्यात घातला, आणि ते पाणी मला अंगणात ओतावं लागलं.

मग मी कुंपणाशी जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की मी कोकोचे किती पेले प्यायले होते. चटईखालून आवाज आला की एकही नाही. मी मोठ्याने बोलायला लावलं. तीनदा लावलं. पेले मोजणारी पोरं खाली बघायला लागली. मी चटई उचलली. त्याचे ओठ फुटले होते. तो रडला, मीही थोडी रडले. तू बोलणार नसलास तर नको बोलूस.

त्याच्या लोकांनी शहाळी फोडली. त्याने एक संपवलं, दुसरं संपवलं, तिसऱ्याचं पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं, त्याने ते पुसलंसुद्धा नाही. मग मोठा श्वास सोडून हसला आणि तोंड पुसून घरी गेला. नऊ तासांची तहान, पाच मिनिटांत गेली.

मी त्याला माफ केलं, एनोसा, सगळ्या गावादेखत केलं. खोटं बोलला तेही सोडलं. पण त्याची तहान भागली, ते काही केल्या मला माफ करता येत नाही.

तुझी,
फुआतिनो